न पाहिलेल्या पानांचं देणं

माझ्या नावावर जे काही थोडं संशोधन आहे, त्यातल्या एकाही रोपाला मी पाणी घातलेलं नाही. पान खुडलं दुसऱ्यानं, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कुटलं दुसऱ्यानं, आरएनए वेगळा काढणं, तो वाचून घेणं, त्याचे पैसे भरणं, हेही सगळं दुसऱ्यांनीच केलं. यातली बहुतेक माणसं मी पाहिलेली नाहीत. त्यांच्यापैकी कुणी विषाणू शोधत नव्हतं. कुणाला दुष्काळात तग धरणारं रोप हवं होतं, कुणाला फुलाचा रंग कशानं ठरतो ते पाहायचं होतं. काम झाल्यावर त्यांनी कच्चा डेटा सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला आणि तो मी उचलला.

रोपाच्या पेशीतला आरएनए वाचायला घेतला, की त्या दिवशी त्याच्या अंगात जे कुणी वस्तीला असेल त्याचाही आरएनए वाचला जातो. शास्त्रज्ञ वाचलेले आरएनएचे तुकडे वनस्पतीच्या जीनोमशी जुळवून घेतात आणि न जुळणारे बाजूला टाकतात. धान्य चाळून झाल्यावर चाळणीत उरलेल्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मी ते उरलेलं घेऊन बसते. लाखो तुकडे जोडून लांब धागे करायचे, त्यांपासून कोणती प्रथिनं बनतील ते काढायचं आणि त्यात विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढण्याचं त्याचं विकर, दिसतं का ते पाहायचं. या विकराच्या गाभ्यात बऱ्याचदा तीन अमिनो आम्लं सलग येतात: ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल. पडद्यावर ती जी-डी-डी अशी दिसतात. अमिनो आम्लांसाठी एकेक अक्षर वापरण्याची ही लिपी मार्गारेट डेहॉफ यांची. १९६५ साली त्यांनी प्रथिनांच्या क्रमांचा ॲटलास पुस्तकरूपात छापला, तेव्हा जगाला ठाऊक असलेले क्रम एका पुस्तकात मावत होते. पुढं १९८२ मध्ये लॉस अलामोसला वॉल्टर गोड यांच्या पुढाकारानं जेनबँक हा जनुकक्रमांचा संग्रह उभा राहिला, १९९० मध्ये सारखे क्रम शोधून देणारा ब्लास्ट हा संगणकीय कार्यक्रम आला. आज अमेरिका, युरोप आणि जपान इथले संग्रह आपसात डेटाची देवाणघेवाण करतात. घरच्या टेबलावर बसून मी हे सगळं फुकट वापरते. फी नाही, ओळखपत्र नाही. आपल्याकडच्या एखाद्या ग्रंथालयाची वर्गणी भरण्याचा अनुभव असलेल्यांना यातलं नवल कळेल.

पण माझं मोठं देणं आहे ते माझ्या सरांचं, आणि त्यांना हे असलं संशोधन अजून पुरतं पटलेलं नाही.

सर तुरीवरच्या वांझ रोगात हयात घालवलेल्यांपैकी. आमच्या भागात हा रोग लांबूनच ओळखू येतो. बाकीचं शेत शेंगांनी वाळायला आलेलं असतं आणि मध्येच एखादं झाड हिरवंगार, झुडपासारखं, बारीक फिकट पानांचं. ना फूल, ना शेंग. आमचे आबा अशा झाडाला नुसतं 'माजलंय' म्हणायचे. या रोगाची पहिली नोंद १९३१ची, बिहारमधल्या पुशाची. तो एरिओफाइड कोळी पसरवतो हे पुढं कळलं. हा कोळी इतका बारीक, की साध्या डोळ्यांना दिसत नाही. पण कोळी नेमकं काय पसरवतो, हे कळायला सत्तर वर्षं जावी लागली. हैदराबादजवळच्या पाटनचेरूतली इक्रिसॅट ही संशोधनसंस्था आणि स्कॉटलंडमधल्या डंडीचे शास्त्रज्ञ यांनी मिळून तो विषाणू पकडला. रस काढून दुसऱ्या रोपावर चोळला तर तो सहजासहजी लागत नव्हता, शुद्ध करायला गेलं तर हाती राहत नव्हता. नंतर कळलं, की तो इमारा गटातला आहे आणि त्याच्या जोडीला त्याच्याच कुळातला दुसराही आहे. सर ही हकिकत वर्गात सांगायचे तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसायचा. 'सत्तर वर्षं रोग होता, नाव होतं, विषाणू नव्हता,' एवढंच म्हणायचे.

आणि मी त्यांच्यापुढं नेमकं उलटं घेऊन गेले. विषाणू होता, रोग नव्हता, नावही नव्हतं.

'रोप कुठंय?' सर म्हणाले.

मी सांगितलं, रोप नाही, क्रम आहे.

'अगं, लक्षण नाही, रोप नाही, किडा नाही. मग आहे काय?'

त्यांची सगळी विद्या पानावरची. कार्बोरंडमची पूड लावून रस कसा चोळायचा, चाकवताच्या जातकुळीतल्या रोपांवर ठिपके उठेपर्यंत वाट कशी बघायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आंतरराष्ट्रीय विषाणू-वर्गीकरण समितीच्या तज्ज्ञांचा २०१७चा लेख मी त्यांना नेऊन दिला. नुसत्या जनुकक्रमावरून ओळखलेल्या विषाणूंनाही वर्गीकरणात जागा द्यायला हरकत नाही, असं त्यात म्हटलंय. सरांनी तो चष्मा पुसून नीट वाचला. 'ठीक. नोंदवहीत नाव चढलं. आता रोप कुठंय?'

त्यांच्या या हट्टामुळं मला काही सवयी लागल्या. सापडलेला विषाणू त्या झाडाचाच कशावरून? पानावरच्या माव्याच्या पोटातला असेल, पानात राहणाऱ्या बुरशीचा असेल, शेजारच्या नमुन्यातून चुकून मिसळला असेल. म्हणून तो एकाच झाडाच्या वेगवेगळ्या नमुन्यांत आहे का ते बघायचं. आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाण्यासाठी वनस्पतींच्या विषाणूंना लागणारं वहन-प्रथिन त्याच्याकडं आहे का, तेही. असलं, तर दावा करायला थोडं बळ येतं.

अर्जेंटिनातल्या कॉर्डोबाचे निकोलास बेहेरमान आणि उंबेर्तो देबात, तसंच ऑस्ट्रेलियातले राल्फ डीट्झगेन यांचे लेख मी याच नजरेनं वाचले. २०२१ मध्ये त्यांनी इतरांच्या डेटातून वनस्पतींचे ऱ्हॅब्डो कुळातले २७ नवे विषाणू काढले. ज्या झाडांवर कुणी कधी ऱ्हॅब्डो पाहिला नव्हता तिथंही ते निघाले. पुढच्या वर्षी सेराटस प्रकल्पानं तर ५७ लाख नमुने अकरा दिवसांत चाळले आणि एक लाख तीस हजारांहून जास्त नवे आरएनए-विषाणू समोर ठेवले. आकडा ऐकून सर म्हणाले, 'आणि रोपं किती?'

२०१६ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात, दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना परोपजीवी म्हणावं असं काहींना वाटतं, असा उल्लेख आला. बरीच बोंब झाली. नंतर काहींनी त्याच नावानं पुरस्कारही सुरू केला. मला शब्द लागला नाही. विषाणूंवर काम करणाऱ्यानं परोपजीवी म्हटल्यावर रुसायचं तरी कशाला? मात्र चांगला परोपजीवी यजमानाला मारत नाही, एवढं पथ्य आम्ही पाळावं.

ते पथ्य अवघड होतं ते एका रानगवताच्या बाबतीत. दुसऱ्या खंडातल्या एका बाईंनी दुष्काळावरच्या प्रयोगासाठी त्याचा डेटा ठेवला होता. पाणी दिलेल्या रोपांत आणि तहानेल्या रोपांतही मला ऱ्हॅब्डोविषाणू दिसला. म्हणजे त्यांचे काही निष्कर्ष दुष्काळाचे होते की आजाराचे, हा प्रश्न आला. तसा डेटा सगळ्यांचा, विचारायची सक्ती नाही. तरी मी छापण्याआधी त्यांना कळवलं, बरीच काचकूच करून.

उत्तर लगेच आलं. राग नव्हताच. उलट जुन्या फोनमधले फोटो होते. पानांवर पिवळसर रेघा होत्या. लोह कमी पडलं असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. शेवटी एक ओळ होती, त्या हंगामात हरितगृहात तुडतुडे फार झाले होते. विषाणू कोण पसरवत असेल याचा माग देणारी ही ओळ कुठल्याही संग्रहातल्या रकान्यात नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. लेखावर त्यांचं नाव माझ्या आधी आहे.

सरांना फोटो दाखवले. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाले, 'तुडतुडे कुठले? जात विचार. बी उरलंय का विचार.'

बी उरलंय. ते इथं मागवायचं तर परवाने, विलगीकरण, सगळे सोपस्कार. त्यापेक्षा प्रयोग तिकडंच व्हावा असं ठरलं. सरांनी दोन पानं स्वतःच्या हातानं लिहून दिली: तुडतुडे उपाशी किती वेळ ठेवायचे, आजारी पानावर किती दिवस चरू द्यायचे, मग निरोगी रोपावर सोडायच्या आधी किती थांबायचं. मी ती इंग्रजीत करून पाठवली. परवा बाईंनी विचारलंय, पुरेसे तुडतुडे मिळाले नाहीत तर मावा वापरला तर चालेल का. सर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण उत्तर त्यांना विचारूनच पाठवायचं आहे.