दूधसागराच्या घरी

दूधसागर पाहुण्यासमोर लगेच येत नाही. गोव्यातल्या कुळ्याला जीपमध्ये बसलं की आधी त्याचं पाणी भेटायला येतं. जीप नदीत उतरते, चाकं बुडतात, गोट्यांवरून धडपडत ती पलीकडच्या काठावर चढते. थोडं जंगल, की पुन्हा नदी. भगवान महावीर अभयारण्यातली ही वाट. उतारांवर किंदळ आणि नाणा, ओढ्याकाठच्या ओलीत मात्र बारमाही हिरवं, दाट रान. मधूनच भेरली माडाचे लोंबते घोस. चालक बहुधा कुळ्याचाच असतो. "वयर पळयात," म्हणून तो गाडी थांबवतो, तेव्हा फांदीवर शेकरू असतं.

शेवटचा टप्पा पायी, दगडधोंड्यांतून. माकडांचा डोळा पिशव्यांवर असतो. धबधब्याचा आवाज कधीचा कानावर असतो, तरी तो स्वतः दडलेलाच. मग झाडं बाजूला होतात आणि तो दिसतो: सुमारे 310 मीटरची उंची, चार टप्प्यांत कोसळणारं पांढरं पाणी, आणि मधोमध रेल्वेचा पूल. पोर्तुगीज काळात, 1880च्या दशकात, मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग घातला गेला. 'चेन्नई एक्स्प्रेस' चित्रपटात लोकांनी पाहिला तो हाच पूल.

त्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे फिरतो. पावसाळ्यात तो कुणाला जवळ करत नाही. जीप बंद असतात आणि रुळांवरून चालत येणाऱ्यांना रेल्वे अडवते. मे महिन्यात तो अगदी रोडावतो. पाऊस सरल्यावर वाट उघडते, तेव्हापासून डिसेंबरपर्यंतचा दूधसागर मला सर्वांत आवडतो. अंगात जोर असतो, पण पायथ्याच्या डोहात तो माणसाला उतरू देतो. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, आणि ते योग्यच आहे, कारण डोह खोल आहे, खडक शेवाळलेले आहेत. पाणी पहिल्या क्षणी श्वास अडकवतं इतकं गार. मग अंग सैलावतं, पायांना बारीक मासे टोचू लागतात, तुषार तोंडावर येतात. उताणं तरंगत वर पाहावं. पुलावरून मालगाडी जात असली तर तीही केवढीशी दिसते! इथे पोहणं म्हणजे त्याच्याशी बोलणं, असं मला वाटतं. नुसतं काठावरून फोटो काढून परतणाऱ्यांबद्दल मला हळहळ वाटते.

पोहून झाल्यावर भूक कडकडून लागते. बहुतेक सहली जेवायला फोंड्याकडच्या कुळागरात नेतात. डोंगरउतारावरची सुपारी, माड, केळी, खोडांवर चढलेली मिरवेल, आणि पाटातून झुळझुळणारं झऱ्याचं पाणी. तिथे पर्यटकांसाठी पनीर मांडलेलं असतं. ते राहू द्यावं. आधी सांगून खतखतं करून घ्यावं. कंदभाज्या, तूरडाळ, नारळाचं वाटण, आणि वर ठेचलेलं तिरफळ. सोबत भात आणि सोलकढी. तिरफळाचं काटेरी खोड आणि भिरंडाचं झाड, दोन्ही सह्याद्रीच्या रानातली. भिरंडाच्या साली वाळवून त्यांची सोलं होतात, त्यांचा आंबटपणा कढीत उतरतो. सकाळी ज्या रानातून जीप गेली, त्याचीच चव दुपारी पानात असते. हे जेवण चुकलं तर सहल अर्धीच झाली.

या रानावर संकटही येऊन गेलं आहे. रेल्वेचं दुहेरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प मोल्याच्या याच जंगलातून जायचे होते. 2020मध्ये गोव्यातले विद्यार्थी, कलावंत, शास्त्रज्ञ त्याविरुद्ध उभे राहिले. मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. त्या तरुण मुलांचे आपण ऋणी आहोत. रान गेलं असतं तर डोह तरी कशाच्या जिवावर भरला असता?

म्हणून जाणाऱ्यांना एकच विनंती. साबण, शाम्पू, वेफर्सची पाकिटं कुळ्याच्या पुढे नेऊ नका. दूधसागराचं पाणी पुढे खांडेपार नदीतून वाहतं, आणि त्याच नदीवरच्या ओपा प्रकल्पातून फोंड्याला नि पणजीला पिण्याचं पाणी जातं.