आजी, ते मराठे म्हणजे आपणच ना?

लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आल्यावर आजीने पहिल्यांदा पाहिले ते महंत घासीदास संग्रहालय. राजनांदगावच्या महंत राजांच्या देणगीतून १८७५ साली उभे राहिलेले. आदिवासींचे पुतळे, दागिने, धनुष्यबाण, ढोल पाहून ती म्हणाली होती, "किती साधी माणसं ही!"

पुढे मुलांना, पाहुण्यांना घेऊन ती कितीदा तरी तिथे गेली. पुतळे तसेच उभे. जणू त्यांच्या आयुष्यात कधी काही घडलेच नव्हते! इंग्रजी अमलात सुरू झालेल्या अशा संग्रहालयांची रीतच ती. वस्तूखाली जमातीचे नाव लिहायचे, माणसाचे नाही.

परवा सुट्टीत नात आली, तेव्हा दोघी नवा रायपूरला गेल्या. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय तिथे १ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाले आहे. इथे माणसांना नावे होती. १८५६ च्या दुष्काळात सावकाराचे धान्यकोठार फोडून भुकेल्यांना वाटणारे सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह. त्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी झाली. जयस्तंभ चौकात, असे सांगतात. त्याच चौकातून आजी वर्षानुवर्षे बाजाराला जात होती! १९१० च्या भूमकालात बस्तरचे जंगल राखीव करणाऱ्या सरकारविरुद्ध उठलेला गुंडाधूर. तो तर इंग्रजांच्या हाती लागलाच नाही.

परलकोटच्या दालनात नात थबकली. १८२५ साली तिथल्या गेंद सिंह यांना फाशी झाली होती.

"आजी, यांचा लढा इंग्रजांशी होता, तसा मराठ्यांशीही. ते मराठे म्हणजे आपणच ना?"

आजी क्षणभर गप्प झाली. भोसल्यांच्या नागपूरचा अभिमान तिने माहेराहून आणला होता.

"हो ग, आपलेच," ती म्हणाली. "छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. १८५४ साली इंग्रजांनी ते खालसा केलं, हे आपण हळहळून सांगतो. पण त्याआधी इथल्या लोकांकडून आपणही वसुली करत होतो, हे सांगायचं राहूनच जातं."

"मग आता?"

"आता तेही सांगायचं."

रविवारी आजी नातीला जुन्या संग्रहालयात घेऊन गेली. त्याच पुतळ्यांपुढे दोघी बराच वेळ उभ्या राहिल्या. 'साधी माणसं' हे शब्द या वेळी आजीच्या तोंडून निघाले नाहीत.