शुश्रूषेची विद्या

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचे वय ठरलेले असते. विशी-बाविशीपर्यंत शिकावे आणि नंतर संसार करावा, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, तो कोणी मोडला म्हणजे आपण गोंधळून जातो. चौतिशीच्या गृहस्थाने खात्याची परीक्षा दिली, तर आपण त्याचे कौतुक करतो. परंतु दोन मुलांची आई त्याच वयात वह्यापुस्तके घेऊन बाहेर पडली, की शेजारच्या खिडक्या उघडतात. आमच्या दिल्लीच्या घरी हा अनुभव आम्ही घेतला आहे. माझ्या वहिनींनी ३४ व्या वर्षी परिचारिकेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. प्रवेशाची वयोमर्यादा ३५ वर्षांची. आणखी एखादे वर्ष आम्ही विचार करण्यात घालविले असते, तर विचार करण्याचे कारणच उरले नसते.

या निश्चयाचे मूळ आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात होते. पक्षाघाताने ते चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. रुग्णालयातून घरी पाठविताना तेथील परिचारिकेने वहिनींना बजावले होते : दर दोन तासांनी यांची कूस बदला. रात्री गजर लावून वहिनींनी ते व्रतासारखे पाळले आणि आप्पांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. नातलगांनी त्यांच्या सेवाभावाची वाखाणणी केली. वहिनींचे समाधान मात्र तेवढ्याने होईना. "भाऊजी, मी सारे केले, पण दोनच तास का, ते मला कळले नाही. न कळता केलेले काम दुसऱ्या माणसावर करायला मला भीती वाटेल," असे त्या एकदा मला म्हणाल्या. शिकण्याची ओढ याहून सरळ शब्दांत मी ऐकलेली नाही.

आईचा विरोध दोन कारणांनी होता. "आपल्या घरात काय कमी आहे?" हे एक तिने बोलून दाखविले. दुसरे तिच्या मनातच राहिले. पण ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. परक्यांचे मलमूत्र काढण्याचे काम आपल्या सुनेने करावे, हे तिला सहन होत नव्हते. वास्तविक तेच काम वहिनींनी तिच्या डोळ्यांदेखत चौदा महिने केले होते. घरात केले तर पुण्य आणि विद्या म्हणून शिकून, वेतन घेऊन केले तर कमीपणा, असा हा न्याय आहे. तो एकट्या आमच्या आईचा नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या संपन्न घरातल्या मुलीलाही घरच्यांनी वर्षानुवर्षे अडविले होते. १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे ती शिक्षणासाठी राहिली, तेव्हा तिचे वय ३१ होते. आपल्याकडे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि पुढे त्या संस्थेने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. तेथे शिकलेल्यांत विधवा पुष्कळ होत्या. १९५८ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने दुर्गाबाई देशमुख यांच्या नेतृत्वाखाली शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही : संसार मोडला, की बाईला शिकण्याची मुभा मिळे, आधाराची गरज हे तिचे प्रवेशपत्र असे. वहिनींची मागणी निराळी होती. घर मांडलेले आहे, कपाळावर कुंकू आहे, मुले शाळेत आहेत, आणि तरीही मला शिकावयाचे आहे, असे त्या म्हणत होत्या. हे पटवून देणे अधिक कठीण, कारण त्यासाठी कोणतेही दुःख पुढे करता येत नाही.

वसतिगृहात राहणे आवश्यक होते. धाकटा सात वर्षांचा, थोरली अकरा वर्षांची. अखेर दादाने सकाळचा स्वयंपाक पत्करला, मी मुलांचा अभ्यास घेऊ लागलो आणि आईने विरोध मागे न घेताच धाकट्याला आपल्या कुशीत घेतले.

वय वाढलेले असणे हा वर्गात गुण ठरत नाही, हे वहिनींना पहिल्याच महिन्यात कळले. शिकविणाऱ्या बाई त्यांच्याहून लहान, सहाध्यायिनी अठरा वर्षांच्या आणि पुस्तके इंग्रजी. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून पडणाऱ्या १५ थेंबांचे १ मिलिलिटर होते, तर मिनिटाला किती थेंब पडावेत? उत्तर सुमारे ३१. हे गणित त्यांना खोलीतल्या केरळच्या मुलीने चार रात्री बसून शिकविले. काही गोष्टी विसराव्याही लागल्या. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या रुग्णाने पाणी मागितले, तर घरातली बाई कळवळून घोटभर देईल. परिचारिकेने ते देता कामा नये, कारण भूल दिल्यावर पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आणि दोन तासांचे कोडेही सुटले. एकाच जागी दाब राहिला, की तेथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरू लागते. म्हणून तशी वेळ येण्याआधीच कूस बदलावयाची.

मी अनुवादाचा धंदा करणारा माणूस. सुटीत घरी आल्या, की त्या माझ्याकडून इंग्रजी शब्दांचे अर्थ समजावून घेत. परंतु एका शब्दाचा अर्थ मला त्यांच्याकडून मिळाला. रुग्णकक्षातील एक वृद्ध बाई सारखी "घबराहट हो रही है" म्हणत होती. मला विचारले असते, तर भीती वाटते, असा अनुवाद मी करून दिला असता. वहिनी तिच्यापाशी बसल्या, नेमके कोठे काय होते ते विचारले, नाडी पाहिली आणि ती फार जलद व अनियमित लागताच वरिष्ठ परिचारिकेला बोलावले. बाईला भीती वाटत नव्हती, तिची छाती धडधडत होती. शुश्रूषा हा शब्द संस्कृतातल्या 'श्रु' या धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. हे व्याकरण मी महाविद्यालयात शिकलो होतो; त्याचा उपयोग मला त्या दिवशी समजला. संसारात बारा-चौदा वर्षे घालविलेल्या स्त्रीजवळ ही ऐकण्याची सवय बहुधा असते. नाडी मोजण्याची, थेंब मोजण्याची विद्या तिला मिळाली, म्हणजे त्या सवयीचे सामर्थ्य होते.

वहिनी आता दुसऱ्या वर्षाला आहेत. या साऱ्याची किंमत पडली नाही, असे मी म्हणणार नाही. रविवारी संध्याकाळी त्या वसतिगृहाकडे निघतात तेव्हा धाकटा आता रडत नाही, आणि ते न रडणेच त्यांना अधिक लागते. आईनेही आपले मत बदलल्याचे कधी सांगितलेले नाही. मात्र परवा शेजारच्या काकूंना चक्कर आली, तेव्हा ती त्यांना अगदी सहज म्हणाली, "रविवारपर्यंत थांबू नका, डॉक्टरकडे आजच जा. पण रविवारी आमच्या सूनबाई येतील, त्यांनाही एकदा दाखवा."