हार्ड डिस्क आणि आदान-निक्षेपण समिती



सासूबाईंना जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. फेब्रुवारी २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही त्यांना श्रवणबेळगोळला नेलं होतं. बाहुबली भगवंतांच्या ५७ फुटी मूर्तीसमोर हात जोडून त्या मोठ्याने णमोकार म्हणत होत्या. त्यांचा आवाज असलेला आमच्याकडचा तो एकच व्हिडिओ. पुण्यतिथीला सगळ्यांना ऐकवायचा म्हणून हार्ड डिस्क काढली, तर ती उघडेचना!

विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, तेव्हा ठाण्याच्या भाचीने आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं. डिस्कचा दिवा लागत होता, पण पडद्यावर 'माउंट करता येत नाही' असं येत होतं. हे म्हणाले, "फॉरमॅट करून बघूया." मी आधी डोंबिवलीहून ठाण्याला फोन लावला.

"मामी, फॉरमॅटला हात लावू नका! आजीचा व्हिडिओ जाईल."

"पण माउंट म्हणजे काय गं?"

"डिस्क एखाद्या फोल्डरला जोडायची. मग त्या फोल्डरमधून आतलं सगळं दिसतं."

तिने टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके' टाइप करायला सांगितलं. यादीत 'एसडीबी१' हे नाव आलं, म्हणजे लॅपटॉपला डिस्क दिसत होती. मग 'सुडो डीमेसेज' केलं, तर शेवटी काय, व्हॉल्यूम 'डर्टी' आहे! मी म्हटलं, "अगं, रोज पुसते मी." ती हसली. आमची डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची. काम चालू असताना वायर ओढली की तिच्यावर तशी खूण राहते, आणि तपासणी झाल्याशिवाय लिनक्स तिच्यावर काही लिहायला तयार होत नाही. मागच्या वेळी घाईत वायर मीच ओढली होती.

उपाय एका ओळीचा निघाला. 'सुडो माउंट', पुढे 'हायफन ओ आरओ', मग डिस्कचं नाव आणि 'एमएनटी' हे फोल्डर. आरओ म्हणजे फक्त वाचायचं, डिस्कवर काही लिहायचं नाही. फाइली दिसल्या! आधी सगळं लॅपटॉपवर कॉपी केलं. नंतर डिस्क ठाण्याला नेली. भाचीने तिच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर 'चेकडिस्क' चालवून ती दुरुस्त केली.

त्या रात्री व्हिडिओ लावला. गर्दीच्या गलक्यातही आईंचा आवाज ओळखू आला. हे उठून बाल्कनीत गेले.

पाठशाळेत आपण पाच समित्या शिकतो. त्यातली आदान-निक्षेपण समिती म्हणजे कुठलीही वस्तू उचलताना-ठेवताना बघून, जपून. ती मुनींची, पण आई घरातही पाळायच्या. साधी कळशी उचलली तरी खाली मुंगी आहे का बघायच्या. "घाई कशाला?" म्हणायच्या. मी मात्र वायर ओढताना घाई केलीच.

आता मी आधी 'इजेक्ट' दाबते, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबते आणि मगच वायर काढते. व्हिडिओची दुसरी प्रत भाचीकडे ठेवली आहे. तुमच्याही घरी कुणाचा आवाज असा एकाच डिस्कवर असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत करून ठेवा.