राजाजीनगरचं तिसरं स्टेशन

बंगळुरूला मामेबहिणीकडे जायचं म्हणजे मॅजेस्टिकला मेट्रोची हिरवी लाइन धरायची. पहिलं स्टेशन संपिगे रोड, दुसरं श्रीरामपुरा आणि तिसरं आलं की पिशव्या सावरून उभं राहायचं. २०१४ साली सुरू झालेल्या या तिसऱ्या स्टेशनाचं नाव आहे ‘महाकवी कुवेंपु रोड’. कवीच्या नावाच्या स्टेशनवर उतरून नातेवाइकांकडे जायची मजा काही वेगळीच!

राजाजीनगर हे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारींवरून पडलेलं. ब्लॉकमागून ब्लॉक, नवरंग थिएटरचा गजबजलेला चौक, उभ्यानं कॉफी प्यायची छोटी हॉटेलं आणि संध्याकाळी हातानं मापून मोगऱ्याची माळ देणाऱ्या फुलवाल्या. बाहेरून आलेल्या माणसाला परकं वाटू नये, अशी ही वस्ती आहे.

यंदा मात्र ताईच्या घरात वातावरण तंग होतं. भाची बारावी झाली होती. मार्क चांगले, आणि तिला साहित्य घेऊन बी.ए. करायचं होतं. भावोजींचं म्हणणं इंजिनियरिंग. “साहित्य शिकून कोणाचं पोट भरलंय?” असं ते मला विचारत होते, आणि मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेली! काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी सरळ म्हैसूरची गाडी पकडली.

म्हैसूर विद्यापीठ १९१६ सालचं. एका संस्थानिकानं आपल्या राज्यात काढलेलं. बंगळुरूचं सेंट्रल कॉलेजही सुरुवातीपासून त्याच विद्यापीठात होतं. १९६४ साली बंगळुरूला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. पण लेखकांचं खरं पीक आलं ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात. आम्ही गेलो तो रविवार होता, त्यामुळे इमारत बाहेरूनच पाहिली. झाडाखाली बसून डब्यातला लिंबू-भात खाल्ला आणि मी भाचीला एकेकाची गोष्ट सांगू लागले.

शिमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात कुप्पळी नावाचं खेडं आहे. तिथला पुट्टप्पा नावाचा मुलगा म्हैसूरला शिकायला आला. आधी तो इंग्रजीत कविता करायचा. जेम्स कझिन्स या आयरिश कवीनं त्याला सांगितलं, आपल्या भाषेत लिही. तोच पुढे कुवेंपु झाला. १९२९ साली कन्नडमध्ये एम.ए. होऊन तो महाराजा कॉलेजातच शिकवू लागला. १९५६ साली ते कुलगुरू झाले. याच विद्यापीठात शिकून त्याचे कुलगुरू झालेले ते पहिलेच. आजच्या विस्तीर्ण आवाराचं ‘मानसगंगोत्री’ हे नाव त्यांनीच दिलं. ‘श्रीरामायण दर्शनं’साठी कन्नडला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९६७ सालचं, त्यांच्यामुळे.

“मावशी, सगळे असेच हुशार होते का गं?” भाचीनं विचारलं.

मुळीच नाही! आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतच नापास झाले होते. वर्षभर घरी बसून त्यांनी पुस्तकं वाचली. बी.ए. व्हायलाही त्यांना इतरांपेक्षा एक वर्ष जास्त लागलं. १९३० साली एकदाची पदवी मिळाली. पाचच वर्षांत ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आलं. दूरदर्शनवरचं ‘मालगुडी डेज’ आपल्यापैकी कितीजणांनी घर गोळा करून पाहिलंय! त्याचं चित्रीकरण झालं आगुंबेला. तेही तीर्थहळ्ळी तालुक्यातच. यू. आर. अनंतमूर्तीही त्याच तालुक्यातले आणि म्हैसूरचेच एम.ए. त्यांची ‘संस्कार’ इंग्रजीत नेली ए. के. रामानुजन यांनी. तेही महाराजा कॉलेजचेच विद्यार्थी, मग शिकागोत प्राध्यापक.

मला सर्वात जवळचे वाटतात ते एस. एल. भैरप्पा. हसन जिल्ह्यातल्या खेड्यातलं हे पोर. प्लेगनं आई आणि भावंडं नेली. भटकत भटकत तो मुंबईला आला आणि मुंबई सेंट्रल स्टेशनवर त्यानं हमालीही केली. नंतर म्हैसूरला परतून पुन्हा शिक्षण धरलं आणि तत्त्वज्ञानात सुवर्णपदक घेऊन एम.ए. झाला. ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ आपल्याकडे घराघरांत गेली ती उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे. यजमान विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून टेप करायचे आणि उमाताई तो ऐकून मराठीत उतरवायच्या. नवरा-बायकोनं मिळून करायचं याहून सुंदर काम मला तरी ठाऊक नाही. भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बंगळुरूतच गेले.

हमालाच्या मुलालाच काय, हमालालाही परवडेल असं विद्यापीठ असलं म्हणजे काय होतं, हे मला भावोजींना सांगायचं होतं. पण एक खरं, यांतले बहुतेक जण पोटासाठी मास्तरकीच करत होते. तेही लपवण्यात अर्थ नव्हता. भाचीला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी शिकवीन.”

परतीच्या वाटेवर जयलक्ष्मीपुरमला कुवेंपुंचं ‘उदयरवि’ हे घर रस्त्यावरूनच पाहिलं. बंगळुरूला पोहोचेतो रात्र झाली होती. तिसऱ्या स्टेशनच्या जिन्याखाली भावोजी स्कूटर घेऊन उभे.

“काय पाहिलंत?”

“बाबा, आर. के. नारायण नापास झाले होते!” भाची म्हणाली. सांगण्यासारखं एवढं असताना नेमकं हेच! मी कपाळाला हात लावला.

भावोजी हसले नाहीत. माझी पिशवी त्यांनी पुढे ठेवली आणि स्कूटर सुरू करता करता विचारलं, “फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?”

कोणता फॉर्म, ते काही बोलले नाहीत.