घर ओळखणारे डॉक्टर

आमच्या लहानपणी दवाखान्यात जाताना घरून रिकामी बाटली न्यावी लागे. खिडकीपलीकडचा कंपाउंडर मोठ्या बरणीतलं लाल मिक्श्चर तिच्यात ओतायचा. मग कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायची, ती दुमडून कातरीने कडेला खाचा पाडायच्या, उलगडून डिंकाने बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही सकाळचं औषध कुठवर आणि संध्याकाळचं कुठवर, हे बरोबर कळायचं. आत डॉक्टर असत. पाटीवर नावापुढे एल.सी.पी.एस. ही पदविका लिहिलेली. टेबलाच्या कोपऱ्यात स्पिरिटच्या दिव्यावर सुया उकळत असायच्या आणि त्या वासानेच आम्ही रडायला सुरुवात करायचो.

हे सत्तरच्या दशकातलं वसई. जिल्हा ठाणे, पालघरचा वेगळा जिल्हा व्हायला 2014 उजाडायचं होतं. पापडी, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती. आमचे डॉक्टर व्हिजिटला सायकलवर यायचे. अंगणात सायकल लावली की माजघरात शिरण्याआधी विहिरीकडे जायचे. हात धुता धुता पाणी निरखायचे आणि आईला विचारायचे, "शेजारी कुणी झोपून आहे का गं?" एका घरात विषमज्वर निघाला की त्याच विहिरीवर पाणी भरणारी बाकीची घरं त्यांना तोंडपाठ असत. जाताना परमँगनेटची पुडी देऊन ती विहिरीत कधी आणि किती टाकायची ते सांगायचे. कोणाचा मुलगा पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जातो, कोणाकडे लेक बाळंतपणाला आलीय, कोणाच्या घरात जुना दमा आहे, यातलं काहीही कागदावर नव्हतं. मुंबईत साथ असल्याचं कानावर आलं की कुठल्या ओट्यावर आधी जाऊन बसायचं, हे त्यांना ठाऊक असे. साथरोगशास्त्र याहून फार वेगळं नसतं, असं मला आज वाटतं.

त्या काळात सगळंच चांगलं होतं असं नाही. धनुर्वाताने, न्यूमोनियाने माणसं हातची जात. धाप लागलेल्याला ऑक्सिजन मिळायचा तर मुंबई गाठावी लागे, आणि खाडी ओलांडेपर्यंत तो टिकेल याची खात्री नसे. म्हणून 2020 साली कोविडच्या साथीत जे उभं राहिलं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही.

मार्च 2020 मध्ये राज्याने 1897चा साथरोग कायदा पुन्हा लागू केला. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी केलेला हा कायदा. लोकल थांबल्या. रुग्णालयांतल्या परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांतले कितीतरी जण विरार-नालासोपाऱ्यात राहणारे, ते एसटीने मुंबईला जाऊ लागले. रोज साथीच्या तोंडात जाणारी आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत परतणारी ही माणसं. त्यांच्या घरात म्हातारं कोण, गरोदर कोण, हे कोणाला माहीत होतं? 2011च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या 12,22,390 होती. एवढ्या वस्तीची विहीर कुठली आणि शेजार कुठला, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप नि ऑक्सिजन मोजू लागले, घरातल्या मधुमेह-रक्तदाबाची नोंद घेऊ लागले. जे डॉक्टरांच्या डोक्यात असे, ते वहीत लिहून घ्यायला साथीचे सहा महिने जावे लागले.

धोरण म्हणून मात्र सरकारने मोठी पावलं टाकली. खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा दर ठरवून ताब्यात घेतल्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना मे 2020 मध्ये सगळ्या नागरिकांना खुली केली. फोनवरून तपासणी करायला नियमांची चौकट 25 मार्च 2020 रोजीच मिळाली होती. तिचा खरा उपयोग केला तो गल्लीतल्या डॉक्टरांनी. "काका, बाबांचं 93 दाखवतंय," असा मेसेज रात्री दोनला गेला की पलीकडून उत्तर यायचं, "पालथं झोपवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, घाबरू नका." अशा डॉक्टरांची मोजदाद कुठल्याही अहवालात झालेली मला दिसली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग एप्रिल 2021ची दुसरी लाट आली आणि ऑक्सिजन कमी पडू लागला. देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस 19 तारखेला कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली. वाघिणींवर चढवलेले सात रिकामे टँकर घाटाच्या वाटेने नेण्याइतकी उंचीची मोकळीक नव्हती, म्हणून ती गाडी लांबच्या वाटेने, वसईवरून गेली. भरून परत येऊन ती 23 तारखेला नागपूरला पोचली. त्याच 23 तारखेच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तिथले 13 रुग्ण गेले. श्वास मिळावा म्हणून ज्यांना तिथे ठेवलं होतं, ती माणसं धुरात गेली. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं अशीच गेली होती आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश तेव्हाच निघाले होते. रुग्णसेवेत वायरिंग, एसी आणि बाहेर पडायचा जिनाही येतो, हे धोरणाने इतक्या उशिरा शिकावं, हे मला अजून सहन होत नाही.

वैद्यकीय शिक्षणाची त्या वर्षी ओढाताण झाली. मे 2021 मध्ये पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा पुढे ढकलून इंटर्नना कोविड ड्यूटीवर घेतलं, शेवटच्या वर्षाच्या मुलांना सौम्य रुग्णांवर फोनवरून लक्ष ठेवायचं काम दिलं. ही परीक्षा पुढे 11 सप्टेंबरला झाली. वर्ग पडद्यावर, शवविच्छेदन पडद्यावर. पण याच काळातून दोन बदल निघाले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करायचं, हा नियम सप्टेंबर 2020 मध्ये आला. आणि 2022 मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना घातली गेली. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने काही कुटुंबं धरायची, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जायचं, त्यांचं पाणी, जेवण, आजार समजून घ्यायचे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या डॉक्टरांची सायकल दिसली.

ही योजना प्रामुख्याने खेड्यांसाठी आहे. नालासोपाऱ्यातल्या आचोळे, तुळींजच्या चाळी खेडी नाहीत आणि धड शहरही नाहीत. तिथली खोली अकरा महिन्यांनी बदलते, तिच्याबरोबर दवाखानाही बदलतो. जुने रिपोर्ट पिशवीतून फिरतात, नाहीतर हरवतात. अशा एकेका चाळीला एकेक विद्यार्थी मिळाला पाहिजे. आणि पापडी-आगाशीकडचे जे म्हातारे डॉक्टर अजून आहेत, त्यांना महाविद्यालयांनी मानाने बोलावून पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वस्तीत न्यावं. घरात शिरल्यावर आधी कुठे बघायचं, हे त्यांनी चालता चालता दाखवावं. दोन-चार वर्षांनी ते सांगायला कोणी राहणार नाही, तेव्हा हे येत्या सत्रातच सुरू करावं.