तेव्हाचा मॅनेजर, आताचा मॅनेजर

गणपती महिन्याभरावर आले की आमच्या ऑर्केस्ट्राचा मॅनेजर दिसेनासा व्हायचा. खांद्याला शबनम, तीत छापील पत्रकं आणि तारखांची वही. लालबागपासून डोंबिवलीपर्यंत मंडळांच्या कार्यालयांत तो ठाण मांडून बसे आणि सुपारी पक्की करून, इसार घेऊनच परते. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, याची त्याला काळजी नसे. नाव करून देणं हेच त्याचं काम.

तमाशात हे जास्त रोखठोक. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची तारीख घेऊन येतात, चहा होतो, घासाघीस रंगते. व्यवहार मॅनेजरचा, नाचणारी, गाणारी माणसं त्यात नसतात.

माझा पुतण्या मराठी रॅप करतो. खोलीतच रेकॉर्डिंग, डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं स्पॉटिफायवर, मग रील, पोस्टर, बिलं, रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचा फॉर्म. सगळं एकटा. थकून मॅनेजर शोधायला निघाला, तर जो तो विचारी, महिन्याला श्रोते किती? पुण्याबाहेर तिकिटं खपतील का? आमच्या वेळी मॅनेजर गर्दी आणायचा, आता गर्दी दाखवल्यावर मॅनेजर येतो. राग येतो, पण त्यांचंही खरं आहे. पंधरा-वीस टक्क्यांवर पोट भरायचं, तर शून्यातले वीस टक्के घेऊन करायचं काय?

तरी जुन्याचे गोडवे गाताना जीभ जरा अडखळते. मंडळाने किती दिले, हे आम्हाला मॅनेजर सांगेल तेवढंच कळे. कागद कधी पाहिलाच नाही. आता कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजी लिहून देता येत नाही. आमच्यातल्या चाली बांधणाऱ्यांना रॉयल्टी हा शब्दही ठाऊक नव्हता.

शेवटी पुतण्याची कॉलेजातली मैत्रीणच त्याचे फोन घेऊ लागली. करार करायचा म्हणाली, तेव्हा मी एवढंच सांगितलं की टक्के कशावर ते लिहा. नुसत्या शोच्या बिदागीवर की रॉयल्टीवरही? आणि किती वर्षं? तिने तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून घेतलं. परवा एका कॉलेजच्या गॅदरिंगची तारीख तिने घेतली. निम्मे पैसे आगाऊ, साउंड आणि जेवण त्यांच्याकडे, सगळं ईमेलवर लेखी.